एकाच नावाची दोन खाती

फेब्रुवारीत डुलुथच्या बंदरात एकही जहाज नसतं.
सुपीरियर सरोवर काठापासून गोठलेलं,
खनिजाचे धक्के रिकामे,
आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर वडिलांचा लॅपटॉप,
पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा.

"नीट लावून ठेव एकदा," ते म्हणाले,
"मी गेल्यावर रॉयला शोधाशोध नको."
रॉयला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

सॉफ्टवेअर विचारतं, गुंतवणूक कशी लावू:
उद्योगानुसार? देशानुसार? जोखमीनुसार?
वडिलांनी यातलं काहीच कधी निवडलेलं नाही.
एकवीस वर्षं ते प्रत्येक पोर्टफोलिओला
पैसे जिथून आले त्याचंच नाव देत आलेत.

आईच्या पावाचे.
लाकूडतोडीच्या दोन हिवाळ्यांचे.
शेजारच्या एइनोने फेडले ते, निम्मे.
हेलसिंकीला न गेल्याचे.

हे शेवटचं उघडलं. एका रेल्वे कंपनीचे अठ्ठावन्न शेअर,
आणि लाभांश पुन्हा पुन्हा त्यातच घालत
साठत गेलेला एक चुरा: ०.०४७.
"हा एवढासा कशाचा?"
"विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचा," म्हणाले,
आणि राईच्या पावावर लोणी थापत राहिले.

मी एकेक उचलून सोडत गेले.
आईचा पाव 'मोठ्या कंपन्यां'खाली,
लाकूडतोड 'मध्यम मुदतीच्या रोख्यां'खाली,
एइनोला कुठेच बसवता येईना, त्याला 'इतर'मध्ये टाकलं.
(तो होताही तसाच.)
गोल तक्ता रंग धरू लागला.
सोमवारी सल्लागार बाई बघतील, मान डोलावतील.

मग खिडकी उघडली:
एकाच नावाची दोन खाती आढळली.
बोट. बोट.
एकत्र केल्यास दहाची नऊ होतील.
करू?

एक ती बोट, मला माहीत होती.
सोळा फुटी, हिरवी, आईचं नाव रंगवलेली;
हिल्या. माझी फी भरायला विकली,
त्यातून उरलेले हे.
दुसऱ्यापुढे फक्त साल, एकोणऐंशी.
खरेदीची किंमत: रिकामी.

वडिलांनी डावा हात टेबलावर ठेवला.
नोव्हेंबर होता. वारा. एका टोकाला खनिजाने भरलेलं जहाज,
दुसऱ्या टोकाला खुंटा,
मधे ओला दोर आणि दोराच्या मधे हे.
ते बोट.
कंपनीने एक चेक दिला आणि एक टर्की.
"टर्की खाल्ली. हिल्या म्हणाली, चेक खायचा नाही."
पंप बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे शेअर घेतले.

"चेक कितीचा होता? त्याशिवाय नफा निघत नाही."
ते आठवत बसले. कॉफीवर साय धरली.
"आठशे. नाही, आठशे चाळीस.
चाळीस हातमोज्याचे."

भरले. हिरव्या अक्षरांत आलं:
अकरा हजार दोनशे सहा.
चष्मा कपाळावर सरकवून ते
त्या आकड्याकडे बघत राहिले,
शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या, पण
घरच्या कुणासारख्याच न दिसणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.
"हातावर असतं तर एवढं वाढलं नसतं," म्हणाले.

खिडकी अजून उघडीच.
करू?
मी 'नाही' दाबलं.
सॉफ्टवेअरने पिवळा त्रिकोण लावला दोघांपुढे,
आणि तो काही केल्या जाईना. राहू दे.

"झालं? बघू."
मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
एकूण रकमेकडे त्यांनी पाहिलंही नाही.
नावांवरून हात फिरवत, पुटपुटत
वरपासून खालपर्यंत मोजलं.
काचेवर लोण्याचे चार ओघळ.
"दहा," म्हणाले.
आणि कॉफी पुन्हा गरम करायला उठले.